नेपाळ काही परदेश नव्हे, असे आपण म्हणतो तेव्हा...

परदेशवारी ही आपल्याकडे मोजण्याची गोष्ट आहे. कोण किती देश फिरून आला याचा हिशेब लग्नाच्या पंगतीत होतो, सोसायटीच्या सभेत होतो आणि निवृत्तांच्या कट्ट्यावर तर रोजच होतो. सिंगापूर, थायलंड, दुबई, झालेच तर युरोपातले बारा दिवसांत सात देश. या यादीतून एक नाव मात्र बहुधा गळते. सांगितलेच तर त्याला एक शेपूट जोडून सांगितले जाते : "तसे नेपाळलाही जाऊन आलो, पण ते काही परदेश नव्हे."

हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात तुच्छता नसते, हे मी खात्रीने सांगू शकतो. उलट आपुलकी असते. पशुपतिनाथ तिथे, सीतेचे माहेर जनकपूर तिथे, लिपी आपली, सणवार आपले. मग परके ते काय? पण हेच वाक्य काठमांडूतल्या एखाद्या शिकल्यासवरल्या माणसासमोर उच्चारून पाहावे. तो हसेल, कारण पाहुण्यापुढे नेपाळी माणूस सहसा हसतोच. मात्र त्यानंतर संभाषण फारसे पुढे जात नाही. आपण त्याला 'तू आमचाच' म्हटलेले असते आणि त्याने 'तुला स्वतःचा देश नाही' असे ऐकलेले असते. एकाच वाक्याचे दोन अर्थ असे शेजारी शेजारी उभे राहतात. गेल्या पन्नास-पाऊणशे वर्षांत भारत आणि नेपाळ यांच्यात जे रुसवेफुगवे झाले, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी हा गैरसमज आहे, असे मला वाटते.

जाण्या-येण्याची सोय आहे, हे खरेच. ३१ जुलै १९५० रोजी दोन्ही देशांत शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात ये-जा करण्याची, राहण्याची, व्यापारधंदा करण्याची मोकळीक दिली. सुमारे साडेसतराशे किलोमीटरची ही सीमा उघडी आहे. रक्सौल, सुनौली, बनबसा, जोगबनी अशा नाक्यांवरून माणसे आठवड्याच्या बाजाराला जावे तशी सायकलवर बसून पलीकडे जातात. व्हिसा लागत नाही. विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तीन लाखांहून अधिक भारतीय पर्यटक आल्याची नेपाळची नोंद आहे. तीही मुख्यतः विमानाने उतरलेल्यांची. सुनौलीच्या कमानीखालून जे बसने किंवा पायी गेले, त्यांची गणती कुणी करीत नाही. नेपाळला जाणारा भारतीय हा असा अक्षरशः अगणित आहे.

जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना ही स्थिती लवकर कळेल. वाड्यात दारे उघडी असत. मीठ-साखर मागायला कुणीही कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत जाई. तरीही जाणती माणसे उंबऱ्यावर क्षणभर थांबत, जरा खाकरत आणि मगच आत पाऊल टाकत. आत कुणी जेवत असेल, कुणी आजारी असेल, नवरा-बायकोचे काही बोलणे चालले असेल. दार उघडे असले तरी घर त्यांचे आहे, याची ती पोच होती. काही माणसे मात्र सरळ आत शिरत. मालकाच्या घरची मंडळी तर हमखास.

आता आपली नेपाळयात्रा कशी होते ते पाहा. काशी, प्रयाग, अयोध्या करून गोरखपूर. तिथून सुनौली ओलांडून लुंबिनी, पोखरा, मनकामना, काठमांडू आणि तब्येत साथ देत असेल तर मुक्तिनाथ. बसबरोबर आपलाच आचारी, आपलाच शिधा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री पिठले-भात. प्रवास अवघड असतो, मंडळी वयस्क असतात, तेव्हा यात गैर काही नाही. पण दहा दिवस नेपाळात राहून ज्याने एकदाही तिथल्या माणसाच्या हातचा दाल-भात-तरकारी खाल्ला नाही, वाळवलेल्या आंबट पाल्याचा गुंद्रुक चाखला नाही, पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला, आपल्या उकडीच्या नात्यातला ढिंडो पाहिलाही नाही, तो नेपाळला गेला होता असे म्हणावे की नेपाळवरून गेला होता असे म्हणावे?

याआधीच्या काळात निदान एक कुतूहल होते, खरेदीचे. १९८०च्या दशकात आपल्याकडे परदेशी वस्तू दुर्मीळ होत्या, तेव्हा काठमांडूचा न्यू रोड हा मध्यमवर्गीयांचा दुबई होता. घड्याळे, टेपरेकॉर्डर, घडीच्या छत्र्या, जर्किने. देवदर्शनाला निघालेली मंडळी येताना पिशव्या लपवत नाका ओलांडत. १९९१ नंतर आपली बाजारपेठ खुली झाली आणि हे आकर्षण ओसरले. आता उरले देव, बर्फ आणि काहींच्या बाबतीत कसिनो. या जुगारघरांत नेपाळी नागरिकाला कायद्याने प्रवेश नाही. शेजाऱ्याने आपल्या मुलांना जिथे जायची बंदी केली आहे, ती खोली पाहुण्यांनी भरलेली असते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष पैशांकडे आधी जाते. काठमांडूच्या दुकानात किंमत विचारली की दुकानदार विचारतो, "आयसी की एनसी?" म्हणजे इंडियन करन्सी की नेपाळी करन्सी. १९९३ पासून आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, असा दर बांधलेला आहे. आपला रुपया बऱ्याच ठिकाणी चालतो म्हणून अनेक पर्यटक नेपाळी नोट हातात न घेताच परत येतात. त्या नोटा पाहण्यासारख्या आहेत. दर्शनी बाजूवर सगरमाथा, म्हणजे आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतो ते शिखर. शंभराच्या मागे एकशिंगी गेंडा, पाचशेच्या मागे वाघ, हजाराच्या मागे हत्ती. आपली नोट तिथे चालते याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द केल्या, तेव्हा त्या नोटा नेपाळमधल्या घराघरांतही होत्या. भारतात राबून आणलेल्या, मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी डब्यात ठेवलेल्या. त्या बदलून देण्याचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे 'बघा, कसे उलटले' असा सूर निघाला. डब्यातल्या नोटांची आठवण कुणी काढली नाही. (हे नियम मधूनमधून बदलतात. निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे.)

नेपाळ हा वेगळा देश आहे, हे सांगणाऱ्या खुणा तिथे पावलोपावली आहेत. सीमा ओलांडली की वेळ पंधरा मिनिटे पुढे जाते. अर्ध्या तासाचा नव्हे, पाव तासाचा फरक. जगात फारच थोड्या ठिकाणी असे चमत्कारिक घड्याळ आहे. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात. आपण जे पंचांगात आणि लग्नपत्रिकेत पाहतो ते तिथे कचेरीच्या शिक्क्यावर असते. राष्ट्रध्वज चौकोनी नाही. दोन त्रिकोणांचा तसा ध्वज जगात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि या देशाला स्वातंत्र्यदिन नाही. इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर १८१६ च्या सुगौलीच्या तहाने त्याचा बराच मुलूख गेला, पण देश म्हणून तो कुणाची वसाहत झाला नाही. आपण १५ ऑगस्टला झेंडावंदन करतो ते हक्काने. पण ज्याला तशी गरजच पडली नाही, तो शेजारी मनातल्या मनात किंचित ताठ उभा असतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

मराठी माणसाला तर नेपाळ पाहण्याची एक खास सोय आहे, ती म्हणजे लिपी. काठमांडूत उतरल्यावर प्रत्येक पाटी आपल्याला वाचता येते. तमिळनाडूत येत नाही, बंगालात येत नाही, तिथे येते. वाचता येते आणि कळत मात्र अर्धेच. 'पसल' म्हणजे दुकान, 'प्रहरी' म्हणजे पोलीस, 'भन्सार' म्हणजे जकात. अक्षरे आपली आणि शब्द त्यांचे. गंमत अशी की त्यांच्या लिहिण्यात 'ळ' नाही. ते आपल्या देशाला 'नेपाल' म्हणतात. 'नेपाळ' हे आपण दिलेले रूप आहे. प्रेमाने दिलेले असेल, पण आपले. अक्षरओळखीवर विसंबून आपण मजकूर समजल्यासारखे वागतो, तसे या देशाबाबत आपले झाले आहे.

प्रवासाची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आपण प्रवास म्हणून धरतच नाही. नेपाळी माणूस आपल्याकडे येतो, तो. तो देव पाहायला येत नाही, पोटासाठी येतो. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंब्याच्या बागा कोण राखते? मोहर धरल्यापासून वानरांना हाकलत, झोपडीत बायकापोरांसह राहणारे बरेचसे लोक नेपाळी असतात. मासेमारीच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून तेच जातात. ज्यांच्या देशाला समुद्र नाही, ती डोंगरातली माणसे आपल्या समुद्रात जाळी ओढतात. हापूसची पेटी आणि पापलेटाचे ताट यांच्यापर्यंत पोहोचलेला हा प्रवास काठमांडूच्या सहलीपेक्षा मोठा आहे आणि खडतरही.

नव्वदच्या दशकात मी कोकणातल्या एका शाखेत होतो. असे लोक काउंटरपाशी येत आणि बहुधा रिकाम्या हाताने परत जात. पत्त्याचा पुरावा नाही, ओळख द्यायला कुणी नाही. एकाने आपले नागरिकत्वाचे कागद दाखवले. त्यावर जन्मसाल २०२२. आमचा कारकून मोठ्याने म्हणाला, "अरे, हा तर अजून जन्मलाच नाही!" सगळे हसले. तोही हसला. हा विनोद त्याने आधी किती काउंटरवर ऐकला असेल कोण जाणे. विक्रम संवत २०२२, म्हणजे इसवी सन १९६५च्या सुमाराचा जन्म. त्याच्या कागदावरची सही देवनागरीत होती, स्वच्छ, गोलाकार अक्षरात. त्याचे नाव त्यात नीट वाचता येत होते. तरी शाखेतले आणि गावातले सगळे त्याला 'बहादूर' म्हणत.

हे लोक पैसे कसे पाठवत? कुणी एक गावाला निघाला की त्याच्या कमरेला सहा-सात जणांची कमाई बांधलेली असे. रेल्वेत चहातून गुंगी देऊन ती लुटल्याच्या गोष्टी दर हंगामात कानावर येत. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची खास योजना सुरू केली. इथे आपले रुपये भरायचे आणि तिथे घरच्यांच्या हाती नेपाळी रुपये पडायचे. २०२१ मध्ये तिची मर्यादा एका वेळी पन्नास हजारांवरून दोन लाखांवर नेली. चांगली योजना. पण १९५० मध्ये ज्यांना 'या, राहा, कमवा' म्हटले, त्यांच्या घामाचा पैसा सुखरूप घरी जावा यासाठी अठ्ठावन्न वर्षे लागली. मैत्रीच्या भाषणांत हा आकडा कधी येत नाही.

'गुरखा' हा शब्दच घ्या. गोरखा हे नेपाळच्या डोंगरातले एक ठिकाण. तिथल्या पृथ्वीनारायण शाहने अठराव्या शतकात छोटी छोटी राज्ये जिंकून आजच्या नेपाळचा पाया घातला. १९४७ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताच्या वाट्याला आल्या आणि त्यांतल्या जवानांनी आपल्या प्रत्येक युद्धात रक्त सांडले. भारताचा लष्करप्रमुख हा नेपाळी सैन्याचा मानद जनरल असतो आणि त्यांचा आपल्याकडे. असा मान आपण दुसऱ्या कुणाशी वाटून घेत नाही. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा चार वर्षांची नोकरी आपल्या तरुणांना मान्य होणार नाही म्हणून नेपाळने भरती थांबवली, ही आपल्याकडे आतल्या पानावरची बातमी झाली. कारण शहरातल्या आपल्याला गुरखा ठाऊक असतो तो शिट्टी आणि काठीवाला. महिनाअखेरीस दारावर येणारा. चित्रपटांनी त्यात भर घातली : तोंडात 'शाब जी', डोक्यावर टोपी, अक्कल बेताची. नेपाळी भाषेत आदराच्या पायऱ्या आपल्यासारख्याच तीन आहेत : तँ, तिमी आणि तपाईं. अनोळखी माणसाला ते 'तपाईं' म्हणतात. पांढरे केस झालेल्या नेपाळी रखवालदाराला आपल्या सोसायटीतला दहा वर्षांचा मुलगा 'तू' म्हणतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

माणसे असा हिशेब विसरत नाहीत, आणि देशही विसरत नाहीत. १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार आणि मालवाहतुकीचे करार संपले, वाटाघाटी फिसकटल्या आणि भारताने सीमेवरची बहुतेक नाकी मालासाठी बंद केली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भयंकर भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. भारताची मदत त्याच दिवशी, काही तासांत पोहोचली. तिचे मोल नेपाळी लोकांनी मानले. पण पाठोपाठ आपल्या वाहिन्यांचे कॅमेरे पोहोचले आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसासमोर माइक धरून 'तुम्हाला कसे वाटते' विचारू लागले. मदतीचा सोहळा झाला. संतापलेल्या नेपाळी तरुणांनी भारतीय माध्यमांना परत जाण्यास सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाली, तराईतल्या मधेशी लोकांनी तिच्याविरुद्ध आंदोलन केले आणि सीमेवरून येणारे पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधे सुमारे साडेचार महिने अडकून पडली. भारताने नाकेबंदी केल्याचे कायम नाकारले. पण भूकंपात घर गेलेल्या, तंबूत हिवाळा काढणाऱ्या बाईला चूल पेटवायला गॅस नव्हता, तेव्हा तिने दोष कुणाला दिला असेल, हे सांगायला नको. आपल्यातल्या किती जणांना हे साडेचार महिने आठवतात? नेपाळात ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत.

अशी साठलेली नाराजी असली की मग ठिणगी कसलीही चालते. डिसेंबर २००० मध्ये हृतिक रोशनने नेपाळविषयी वाईट उद्गार काढल्याची अफवा उठली. त्याने इन्कार केला, पण तोवर काठमांडूत दंगल होऊन माणसे मेली होती. २००९ मध्ये एका हिंदी चित्रपटात बुद्धाचा जन्म भारतात झाल्याचे वाक्य आले आणि त्याचे खेळ तिथे बंद पडले. आपल्याला हे अतिरेकी वाटते. बुद्ध आपलाही आहेच की! आहे. पण लुंबिनीला सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे आणि इथे बुद्धाचा जन्म झाला असे त्यावर कोरलेले आहे. ते ठिकाण नेपाळात आहे. 'त्या काळी देश कुठे वेगळे होते' हे उत्तर इतिहासाच्या वर्गात ठीक आहे. एवढ्याशा देशाने छातीशी धरलेली गोष्ट मोठ्या शेजाऱ्याने सहज खिशात टाकावी, याला मात्र ते उत्तर होत नाही.

हे दुःख मराठी माणसाला कळायला अवघड जाऊ नये. उत्तरेत कुणी सहज म्हणाले की, "मराठी म्हणजे हिंदीचीच एक बोली ना? लिपी तर एकच आहे," तर आपल्या अंगाचा तिळपापड होतो. आपण ज्ञानेश्वरांपासून सुरुवात करतो. म्हणणारा बिचारा गोंधळून जातो, कारण त्याने तर जवळीक म्हणून म्हटलेले असते. 'नेपाळ काही परदेश नव्हे' हे वाक्य नेमके त्याच जातीचे आहे.

यावर काही वाचक म्हणतील, दोष सगळा आपलाच का? नाही. नेपाळचे राजकारणीही साधे नाहीत. खुर्ची डळमळली की भारताच्या नावाने बोटे मोडायची, चीनकडे पाहून डोळे मिचकावायचे, हा खेळ तिथल्या अनेक पुढाऱ्यांनी खेळला आहे. मे २०२० मध्ये लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा हे प्रदेश दाखवणारा नवा नकाशा काढताना त्यात घरगुती राजकारण नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. भारतात लाखो नेपाळी निर्वेध कमावतात, ही सवलत भारत दुसऱ्या फारशा कुणाला देत नाही, हेही खरे. पण पुढाऱ्याचे भांडवल लोकांच्या मनात आधीपासून असावे लागते. १९५० च्या ज्या कराराला आपण मैत्रीचा पाया मानतो, त्यावर नेपाळच्या बाजूने त्यांच्या पंतप्रधानांनी सही केली आणि भारताच्या बाजूने राजदूताने. बरोबरीच्या घरात असे होत नाही, हे नेपाळी माणूस आजही बोलून दाखवतो. आपल्याला सही कुणाची होती हे माहीतही नसते.

नाते नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. नाते आपण समजतो त्याहून खोल आहे. घरोघरच्या देवघरातला शाळिग्राम पाहा. तुळशीच्या लग्नात ज्याला नवरदेव म्हणून उभे करतो, तो काळा गुळगुळीत दगड नेपाळातल्या काली गंडकी नदीच्या पात्रातून येतो. १८५७ नंतर इंग्रज पाठीवर असताना नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले आणि पेशवे घराण्यातल्या स्त्रियांना काठमांडूत आसरा मिळाला. तो देणारा जंगबहादूर राणा हाच इंग्रजांच्या मदतीला फौज घेऊन लखनौवर चालून गेला होता. ही गुंतागुंत समजून घेण्याजोगी आहे. अवधची बेगम हजरत महल हिनेही तिथेच देह ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यावर पुढच्याच महिन्यात, प्रकृती ढासळलेली असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले. मराठी माणसाने नेपाळला जाताना बरोबर न्यावे असे हे सामान आहे. पिठल्याच्या पिठापेक्षा हलके.

अलीकडची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी तनहूं जिल्ह्यात जळगाव भागातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यातली उधाणलेली नदी, उभी दरड. त्या दरडीवरून दोर सोडून खाली उतरले आणि ज्यांनी जखमींना वर आणले, ते नेपाळी सैनिक आणि प्रहरी होते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, काठमांडूत तरुणांचा उठाव झाला. सत्तरहून अधिक लोक मेले, सरकार पडले. त्या आठवड्यात आपल्याकडे फोनवर विचारले जाणारे प्रश्न दोन होते : आपली माणसे कुठे अडकली आहेत आणि पशुपतिनाथाचे मंदिर उघडे आहे का. पहिला प्रश्न रास्तच. पण ज्यांनी वर्षभरापूर्वी आपली माणसे नदीतून काढली, त्यांची मुले कशासाठी रस्त्यावर उतरली, हा तिसरा प्रश्नही विचारता आला असता.

सीमेवर दार बसवावे, असे सुचवायचे नाही. उघडी सीमा ही या उपखंडातली एक दुर्मीळ, सुंदर गोष्ट आहे आणि ती राहावी. फक्त आत शिरताना खाकरावे. त्यासाठी सरकारची गरज नाही, सहल काढणाऱ्यांची आणि सहलीला जाणाऱ्यांची आहे. पहिल्याच नाक्यावर थोडे पैसे बदलून नेपाळी नोटा खिशात ठेवाव्यात. दहा दिवसांत चार जेवणे तरी तिथल्या घरगुती खानावळीत घ्यावीत. वडीलधाऱ्या माणसाला 'दाइ', बाईला 'दिदी' म्हणावे. हे शब्द तिथे अनोळख्यालाही चालतात. 'भारतात हे असे असते' हे वाक्य आवरावे आणि 'तुमच्याकडे हे कसे असते' असे विचारावे. आणि परत आल्यावर सोसायटीच्या दारातल्या माणसाला त्याचे खरे नाव विचारावे. ते लिहून दाखवायला सांगितले तर आपल्याला वाचता येईल.

निघताना घड्याळाचेही एक काम करायचे आहे. सुनौलीची कमान ओलांडली की ते पंधरा मिनिटे पुढे करायचे. खिशातला मोबाइल ते आपोआप करतो. पण मनगटावर घड्याळ असेल तर हे काम आपल्या हाताने करावे.